पूर उतरवायचा भाद्रपद

भाद्रपद लागला की इंदूरच्या गिरण्यांच्या बाजूनं ठोकाठोकी ऐकू येऊ लागते. लाकडी पट्ट्यांवर हातोडी, पत्र्यावर कातर, मधूनच वेल्डिंगची चरचर. गिरण्या बंद होऊन एक पिढी उलटली. आत झाडं माजली आहेत, धुराड्यांवर घारी बसतात. तरी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत त्या गिरण्यांच्या नावानं झांक्या निघतातच. झांकी म्हणजे लांबलचक ट्रॉलीवर उभा केलेला हलता देखावा. कुठं राम धनुष्य मोडतो, कुठं हनुमान छाती फाडतो आणि पुन्हा मिटून घेतो. एरवी कापड विणणारे हात वर्षातून एकदा देव हलवायचे, आणि ते बघायला आसपासच्या खेड्यांतून माणसं ट्रॅक्टर भरभरून यायची.

यंदा एका कामासाठी याच दिवसांत इंदूरला येणं झालं. मी पुराचे अंदाज बांधणाऱ्या एका कचेरीत आहे. मुक्कामाच्या खोलीत लॅपटॉप उघडला, एका मोठ्या नदीच्या पूरमैदानाचं मॉडेल चालू केलं आणि चहा मागवला. चहा निवायच्या आत पडद्यावर सगळा पावसाळा होऊन गेला. आषाढात निळा रंग पात्राबाहेर पसरला, श्रावणात शेतांवर चढला, भाद्रपदात थबकला, आणि कार्तिकापर्यंत ओढ्यानाल्यांतून हळूहळू पात्रात परत गेला. खिडकीबाहेर ठोकाठोकी चालू होती. मी चहा तसाच ठेवून ऐकत बसलो.

पाणी असं परत नेणं मला पहिल्यांदा जमलं ते इथंच, अशाच एका भाद्रपदात. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस होते ते.

माझं गाव नर्मदेच्या काठी, नेमावरच्या खालच्या अंगाला. आजोबा खानदेशातून कापसाच्या जिनिंगच्या कामाला आले आणि तिथलेच झाले. गावात मराठी घर आमचं एकच. शाळा हिंदी, गल्ली माळवी, आणि मराठी फक्त चुलीपाशी. वडील कापडाच्या दुकानात गजानं कापड मोजत. घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं.

सिनेमात पूर भिंतीसारखा चालून येतो. आमच्याकडं तो मागच्या दारानं यायचा. नदी गावासमोर. सगळे पुरुष घाटावर उभे राहून कुठल्या पायरीला पाणी लागलं त्यावर वाद घालत असत, आणि तोवर गावामागच्या नाल्यातून पाणी उलटं चढून गोठ्यात शिरलेलं असे. नदी फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात जाऊ शकत नाही. तीच नाल्यात घुसते. आई मागून ओरडायची, "अहो, घाटावर काय बघत बसलात? इकडं चुलीत आलंय!" मोठ्या नद्यांची सपाट मैदानं बहुतेक अशीच भिजतात. हे मला पुढं इंग्रजी पुस्तकांत वाचायला मिळालं, तेव्हा आईचा तो आवाज कानात आला.

पूर आल्याची बातमी व्हायची, उतरल्याची कुणी करत नसे. पण आमचं वर्ष ठरायचं ते उतरण्यावर. पाणी वेळेत उतरलं तर काळ्या गाळात हरभरा पेरला जाई, शाळा उघडे, खळग्यांत अडकलेले मासे पोरांच्या हाती लागत. रेंगाळलं तर पेरा हुके आणि घराघरात ताप शिरे. उतरत्या पाण्याला एक वास असतो, कुजक्या गवताचा आणि ओल्या मातीचा, थोडा आंबूस. तो वास आला की आई म्हणायची, "गेली बाई एकदाची माहेरी." आणि भिंती सारवायला घेई.

मी इंजिनियर झालो आणि पुढं एम.ई.ला इंदूरच्या कॉलेजात आलो ते मामांमुळं. मामा गिरणीत फिटर होते, मागांची दुरुस्ती करायचे. बडा गणपतीजवळच्या गल्लीत त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुढची खोली त्यांनी मला दिली आणि स्वतः मामीसह आतल्या खोलीत भांड्यांच्या फळीखाली झोपू लागले. याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. मामी एकदाच बोलली, "रात्री पाय लांब केले की तुझ्या मामांना पातेली लागतात." आणि खळखळून हसली.

पहिल्याच आठवड्यात जेवताना मामांनी विचारलं, "काय करायचंय म्हणालास कॉलेजात?"

"नर्मदेच्या पुराचं मॉडेल करतोय मामा."

त्यांचा घास हातातच थांबला. "मॉडेल? किती फुटी?"

"म्हणजे?"

"अरे, लांबी किती? ट्रॉलीवर मावेल का? आणि पाणी खरं सोडणार की कापडाचं?"

मामा गिरणीच्या झांकी-समितीत होते. मॉडेल म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं बांबू, पत्रा आणि मोटार यायची. मामीनं तव्यावरची पोळी उलटत सांगितलं, "खरं पाणी नको हो. मागे तुमच्या गंगेनं शंकराचा सगळा निळा रंग धुऊन नेला होता. लोक विचारत होते, हे गोरे महाराज कोण?"

"मामा, हे कॉम्प्युटरात असतं."

"कॉम्प्युटरात पाणी? शॉर्ट नाही होणार?"

मी समजावलं. नदीकाठच्या सगळ्या जमिनीचे चौकोन पाडायचे, शेतात वाफे पाडतात तसे. प्रत्येक चौकोनाची उंची मांडायची. नदीत पाणी वाढलं की ते शेजारच्या चौकोनात किती जाईल, तिथून पुढच्यात किती, हे गणित क्षणाक्षणाला करत राहायचं. शेवटी कळतं की कुठल्या वाफ्यात कधी किती पाणी होतं आणि कधी ते गेलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं बरं. पण बनवशील तेव्हा मोटार माझ्याकडून घे," म्हणाले.

मामीनं मात्र दुसऱ्याच दिवशी नळावर जाहीर केलं, "आमचा भाचा कॉम्प्युटरवर पूर आणतो." शेजारच्या शर्माबाई लगेच म्हणाल्या, "तो भाभीजी, उसको बोलो सोमवार के बाद लाए. मेरे पापड़ छत पे पड़े हैं."

कॉलेजातला कॉम्प्युटर वाट्याला यायचा आठवड्यातून एकदा, तोही अर्धा वेळ बिघडलेला. पण त्याच सुमारास शहरात नवं वारं शिरलं होतं. डिश अँटेना, परदेशी सरबतांचे फलक, आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास. मामांच्या गिरणीच्या भिंतीला लागून पप्पूभियाचं, म्हणजे इंदुरी बोलीतल्या पप्पूभैयाचं, असंच एक दुकान होतं. त्याचे वडील कापसाचे व्यापारी. गिरण्या डबघाईला आल्या आणि गोदाम रिकामं पडलं, तेव्हा पप्पूभियानं तिथं गालिचा घातला, पडदे लावले, खिडकीत एसी बसवला आणि पाच मशिनं मांडली. "पिताजी रुई बेचते थे, अपन फ्लॉपी बेचेंगे," असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगे. आमचं ठरलं होतं: सकाळी मी त्याच्या क्लासच्या मुलांना शिकवायचं, आणि उरलेल्या वेळी कोपऱ्यातलं मशीन माझं.

एकदा मामा ते बघायला आले. दारात पाटी होती, चपला बाहेर काढा. मामांनी चपला काढल्या, आत येऊन आधी मशीनला हात जोडले. काळ्या पडद्यावर हिरव्या आकड्यांच्या ओळी होत्या.

"पाणी कुठंय?"

"हेच मामा. जिथं आकडा मोठा, तिथं पाणी जास्त."

ते वाकून बघत राहिले. मग एका आकड्यावर बोट ठेवलं. "इथं डोक्यावरून जाईल एवढं दिसतंय. कोण राहतं तिथं?"

"ती आमची शाळा, मामा."

"मग मास्तरांना कळवलंस का?"

मी हसलो. मामा हसले नाहीत. आज एवढ्या वर्षांनी माझ्या टेबलावर कुठल्याही नदीचे आकडे आले की मी आधी तोच प्रश्न विचारतो, कोण राहतं तिथं. माझ्या हाताखालच्या मुलांना ही माझी खोड वाटते.

माझं घोडं अडलं होतं ते उतरण्यावर. आषाढापासून पाणी झकास चढायचं. नाल्यातून उलटं शिरायचं, अगदी आईच्या चुलीपर्यंत. भाद्रपदात ते उतरू लागलं की मात्र घात व्हायचा. एखादा चौकोन पुरता कोरडा पडला की गणितात पाण्याच्या खोलीच्या जागी शून्य येई, शून्यानं भागाकार होई आणि सगळा कारभार ठप्प.

"भिया, तेरी नर्मदा मैया फिर अटक गई," पप्पूभिया पलीकडून ओरडायचा.

"अटकली नाही. शून्यानं भाग दिला गेला."

"अरे तो उसमें मेरी मशीन का क्या कसूर? भाग तू देता है, गरम वो होती है!"

आमचे मार्गदर्शक सर जुन्या इंदूरातल्या एका संस्थानकालीन अधिकारी घराण्यातले. धोतर जाऊन पँट आली होती, पण बोलणं जुनंच होतं. विद्यार्थ्यांना ते अहोजाहो करत. मी कागद पुढं केले तेव्हा चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले, "पूर चढताना कुणीही लिहून दाखवील. उतरताना लिहून दाखवा. शेतकऱ्याला त्याचीच गरज असते."

"सर, कोरडं पडलं की बुडतं."

"मग कोरडं पडू देऊ नका. प्रत्येक चौकोनात नखभर पाणी राहू द्या. कायमचं."

"पण ते खोटं पाणी होईल, सर."

"हिशेबात दाखवलंत तर खोटं कसं? किती ठेवलंत ते लिहा, शेवटी वजा करा, आणि पुढं चला. कोरड्या ठणठणीत जमिनीवर कुठलंच गणित चालत नाही हो."

त्या नखभर पाण्याला मी प्रोग्रॅममध्ये नाव दिलं 'ओल'. सरांनी वाचून मान डोलावली. मला तेव्हा त्यात फक्त गणित दिसलं होतं. भाच्याला पुढची खोली देऊन पातेल्यांखाली झोपणारे मामा, घरी जायच्या वेळेला कागद उघडून बसणारे सर, वीजबिलाच्या नावानं शिव्या देत मशीन चालू ठेवणारा पप्पूभिया, हे सगळे माझ्या बाबतीत काय करत होते ते उशिरा उमगलं. आपण भाग जात नाही अशा जागी अडकू नये, एवढंच कुणीतरी बघत असतं.

पण ओल ठेवल्यावर नवी अडचण निघाली. पातळ पाणी फार चंचल. त्याचं गणित करायला काळाचे अगदी बारीक तुकडे पाडावे लागले, आणि एका पावसाळ्याला मशीनचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा अख्खा दिवस लागू लागला. मधेच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करण्याची युक्ती मी पुढं शिकलो. तेव्हा येत नव्हती. मधे लाइट गेली की आषाढापासून आरंभ.

आणि लाइट तर रोज जायची.

त्याच पावसाळ्यात मामांच्या गिरणीला कुलूप लागलं. आधीही लागत होतं, पण उघडायचं. या वेळी उघडेना. मामा सकाळी उठून, आंघोळ करून, डबा घेऊन निघायचे. गिरणीच्या फाटकासमोर सगळे जमत, चहा पीत, आणि दुपारी परत येत. मामी डबा भरतच राहिली. मग एके दिवशी ओळखीच्या एकानं सुरतेला पॉवरलूमवर काम असल्याचा निरोप आणला. मामा हो म्हणाले. घरमालकाला सांगून झालं. जायचं मात्र अनंत चतुर्दशीनंतर, कारण दोन कामं उरली होती: समितीची झांकी, आणि माझी परीक्षा. बाहेरचे परीक्षक चतुर्दशीनंतरच्या पहिल्याच सोमवारी येणार होते. तोवर माझा अख्खा पावसाळा चालून कागदावर यायला हवा होता. नाही आला तर वर्ष जाणार. पुढल्या वर्षी इंदूरात माझ्यासाठी छप्पर असणार नव्हतं. गावी वडिलांच्या दुकानातला गज हाती घ्यावा लागला असता. आम्ही तिघंही हे जाणून होतो. जेवताना हा विषय कुणी काढत नसे. भुट्ट्याचा कीस आणखी हवा का, एवढंच मामी विचारायची.

गिरणी बंद, तर झांकी कशी निघणार? दर वर्षी लाकूड, पत्रा, मोटारी, वीज, सगळं गिरणीतूनच यायचं. या वर्षी फाटकाबाहेरच्या मोकळ्या जागेत ताडपत्र्या बांधून काम सुरू झालं. समितीचे मुख्य बाबूलालजी, सूतखात्यातले, पांढऱ्या मिश्यांचे. ते म्हणत, "मिल बंद हुई है, मिल के आदमी थोड़े ही बंद हुए हैं." यंदाचा देखावा वसुदेवाचा होता. डोक्यावरच्या टोपलीत बाळकृष्ण घेऊन तो यमुनेतून निघाला आहे, यमुना चढत चढत बाळाच्या पायाला लागते, आणि पाय लागताच उतरते. यमुना मामांकडं होती. निळं पॉपलीन, आत लाकडी पट्ट्या, आणि खाली लांब रूळ. मोटारीनं रूळ फिरला की लाटा वर येत, उलटा फिरला की खाली जात.

"बघ," मामा मला म्हणाले, "माझं मॉडेल पण चढतं झकास. उतरताना कापड गुंडाळतं बेटं."

मी म्हणालो, "माझंही तसंच."

आम्ही दोघं त्या ताडपत्रीखाली उकिडवे बसून कितीतरी वेळ हसलो.

समितीकडं दोन जनरेटर होते. मोठा तंबूवाल्याचा, झांकीच्या दिव्यांसाठी. लहान जुना, यमुनेच्या मोटारीसाठी. पप्पूभियाचं दुकान भिंतीपलीकडंच. लाइट गेली की बाबूलालजी लहान जनरेटरची वायर खिडकीतून आत टाकायला लावत. मशीनला एक यूपीएस होता, तो चहा पिऊन होईपर्यंत टिकायचा. तेवढ्यात वायर जोडायची. पण जनरेटर कधी सुरू होई, कधी दोरी ओढून ओढून हात दुखत आणि वेळ निघून जाई. माझा पावसाळा श्रावणात बुडायचा, कधी भाद्रपदात.

शेवटी मी मनाशी ठरवलं, चतुर्दशीच्या दिवशी चालवायचं. दुकानाला सुट्टी, शहराला सुट्टी, कारखाने बंद. विजेवर ताण नसणार. पहाटे पप्पूभियाकडून किल्ली घेऊन मी मशीन सुरू केलं. दुपारपर्यंत आषाढ, श्रावण सुखरूप पार पडले.

इंदूरच्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक असतं ते मला गावाकडच्याला ठाऊक नव्हतं. झांक्या उंच असतात. त्या तारांखालून जाव्यात म्हणून मिरवणूक निघायच्या आधी त्या भागातली वीजच बंद करतात. वर्षातला तो एकच दिवस असा, जेव्हा लाइट जाणार हे नक्की असतं. तोच मी निवडला होता.

एसी घरघरून थांबला. यूपीएस टीं टीं करू लागला. मी अनवाणीच पळालो.

बाहेर झांकीला ट्रॅक्टर जोडला होता. वसुदेवाच्या मिशीला शेवटचा हात मारला जात होता. लहान जनरेटर चार जण उचलून ट्रॉलीवर चढवत होते. मला धापा टाकताना बघून मामा पुढं आले.

"गेली?"

"गेली. भाद्रपद लागलाय मामा. आता उतरायचंच राहिलंय."

"किती वेळ लागेल?"

"रात्र होईल."

मामांनी जनरेटरकडं पाहिलं. मग बाबूलालजींकडं. बाबूलालजी लगेच कडाडले, "नहीं भई, नहीं! पागल हो क्या? जमना बिना मोटर के खड़ी रहेगी? रास्ते पे जज बैठे हैं. बाकी मिलों वाले हँसेंगे कि मिल के साथ इनकी झांकी भी बंद हो गई!"

टीं टीं इथपर्यंत ऐकू येत होतं, किंवा मला तसा भास होत होता. मी म्हणालो, "राहू द्या मामा. करीन मी काहीतरी." काय करणार होतो, देव जाणे.

मामा म्हणाले, "बाबूलालजी, रूळ को हँडल तो लगता है. हाथ से घुमा लेंगे."

"पूरे रास्ते? तेरे कंधे हैं कि क्रेन?"

"बारी बारी से."

बाबूलालजींनी मिशीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं वळले. "ये बता, तू कौन सी मैया बना रहा है?"

"नर्मदा मैया."

"हूँ." ते ट्रॉलीवरच्या चौघांकडं बघून ओरडले, "उतारो रे! जमना बुरा नहीं मानेगी. बहन का काम है."

जनरेटर खाली आला. दोरी एका ओढीत लागली, पहिल्यांदाच. वायर खिडकीतून आत गेली. मी आत शिरलो तेव्हा यूपीएसची टीं टीं एकसलग झाली होती, आणि तेवढ्यात ती थांबली. आकडे पुढं सरकत होते.

बक्षीस त्या वर्षी दुसऱ्या गिरणीच्या झांकीला मिळालं. बाबूलालजी पुढं कित्येक वर्षं भेटले की म्हणायचे, "तेरी नर्मदा ने हमारा इनाम खा लिया." आणि पाठीत गुद्दा घालायचे. माझ्या प्रबंधाच्या सुरुवातीला आभार आहेत, सरांच्या सांगण्यावरून इंग्रजीत. त्यात कॉलेज आहे, प्रयोगशाळा आहे, आणि एका बंद गिरणीची झांकी-समिती आहे. परीक्षकांनी तिथं बोट ठेवून विचारलं होतं, "यांचं काय योगदान?" मी सांगितलं. त्यांनी पान उलटलं.

मामा ठरल्याप्रमाणे सुरतेला गेले. अजून तिथंच आहेत, आता पोटमाळ्याच्या खोलीत दोघंच. पाऊस वाढला की फोन करतात. "काय रे, तुझ्या मॉडेलात आमच्या गल्लीत किती पाणी दाखवतंय?" मी खरंच बघून सांगतो. मागून मामीचा आवाज येतो, "त्याला म्हणावं पापड वाळत घातलेत." आणि दोघं हसतात. माझ्या पगारातून मी त्यांच्यासाठी जे काही करू पाहतो, त्यातलं अर्धं ते परत पाठवतात. मला वाईट वाटायचं आधी. आता वाटत नाही. काही माणसांचं देणं फेडायला गेलं की ती संकोचतात. त्यांना आठवत राहणं एवढंच त्यांना सोसतं.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. दुकानात मी एकटा होतो. बाहेरून बँडचे आवाज येत, लांब जात, पुन्हा दुसरे येत. पडद्यावर एकेक चौकोन उतरत होता. गोठा, मागचा नाला, आमची शाळा. कुठल्याही क्षणी थांबेल म्हणून मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. शाळेचा चौकोन ओलीवर आला आणि गणित पुढं गेलं. मग देवळाचा, मग हरभऱ्याच्या शेताचा. कार्तिक आला. शेवटची ओळ उमटली, आणि तिच्या खाली हिशेब: आलं किती, गेलं किती, राहिलं किती. जुळला होता. मी सगळं छापून घेतलं, फ्लॉपी खिशात घातली, जनरेटर बंद केला, दाराला कुलूप घातलं आणि गर्दीत घुसलो.

आमची झांकी शोधायला वेळ लागला नाही. बाकी सगळ्या भराभर हलत होत्या, एकच सावकाश हलत होती. वसुदेव तोल सांभाळत उभा, टोपलीत बाळ, आणि भोवती निळ्या लाटा, कुठं वर कुठं मागं, खऱ्या पाण्यासारख्या वेड्यावाकड्या. लोक ट्रॉलीला चिकटून चालत होते. मी मागून फळ्यांखालून आत शिरलो. आत अंधार, रंगाचा आणि घामाचा वास. मामा बनियनवर होते, गुडघे टेकून हँडल धरलेले. बाजूला दोघं जण पाठ टेकून दम खात होते. मामांच्या तळव्यांना फडकी बांधली होती.

त्यांनी मान वळवून पाहिलं. विचारायचं धाडस त्यांना होईना, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"झालं मामा. कार्तिकापर्यंत. सगळं उतरलं."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. हातानं घाम पुसायला गेले, तर फडकं डोळ्याला लागलं. "मग तिथं काय उभा राहिलास," ते म्हणाले, "ये इकडं. माझे खांदे गेलेत."

मी हँडल धरलं. त्यांच्या हातांनी लाकूड गरम झालं होतं. फिरवायला वाटलं त्याहून जड होतं. एक फेरा, दुसरा, तिसरा. आतून काही दिसत नव्हतं. फक्त बाहेरच्या आवाजावरून कळायचं, पाणी कुठवर आलंय. गलका हळूहळू वाढत गेला, पोरं ओरडू लागली, "आया, आया, पैर तक आया!" आणि एकदम मोठा जयजयकार उठला.

मामांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"लागला पाय. आता सोड. हळू... अजून हळू."

मी सोडत गेलो.